वह्या भरल्या सात, कादंबरी अडली चौथ्या प्रकरणात

पत्र : सांगलीत सहकारी बँकेत नोकरी करते, वय ४३. गेली नऊ वर्षं एका काल्पनिक जगावर काम चालू आहे. सात वह्या भरल्या आहेत : नकाशे, तीन राजघराण्यांच्या वंशावळ्या, दोन भाषांची व्याकरणं. कादंबरी मात्र दोन वर्षांपासून चौथ्या प्रकरणात अडकली आहे. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहायला टॉल्किनलाही बारा वर्षं लागली, त्यानं तर युद्धात खंदकात बसून लिहिलं, असं वाचून धीर धरते. आता वाटतं, नोकरी सोडली तरच हे तडीला जाईल. घरचे म्हणतात, आधी पुस्तक दाखव, मग राजीनामा दे. जग आधी पूर्ण करू की गोष्ट? आणि एक गृहस्थ पन्नास हजार घेऊन पुस्तक छापून देतो म्हणतात, ते करू का?

उत्तर :

राजीनाम्याचं आधी बोलू. देऊ नका. याचा सगळ्यात भक्कम पुरावा खुद्द टॉल्किनच आहेत. १९५९ मध्ये ते ऑक्सफर्डमधून निवृत्त झाले तेव्हा वय ६७. तासिका संपल्या, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे पैसे येऊ लागले होते, आणि त्याच जगाच्या दंतकथांचं पुस्तक 'द सिल्मरिलियन' कधी देता म्हणून प्रकाशक वाट बघत होता. पुढची चौदा वर्षं त्यांच्या हातात होती. २ सप्टेंबर १९७३ ला ते गेले तेव्हा ते पुस्तक अपुरंच होतं. शेवटी मुलगा ख्रिस्तोफर यानं गाय गॅव्रिएल के या तरुण कॅनेडियन मदतनिसाला हाताशी धरून कागदांचे ढीग उपसले आणि १९७७ मध्ये ते छापून आणलं. उलट ज्या कादंबरीमुळे आज आपण त्यांचं नाव घेतो, ती शिकवणं, परीक्षा, चार मुलं आणि दुसरं महायुद्ध सांभाळून नोकरीत असतानाच लिहून झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरखर्चाला हातभार म्हणून ते शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत. अशाच एका विद्यार्थ्यानं कोरं सोडलेल्या पानावर त्यांनी हॉबिटबद्दलचं (त्यांच्या कथांतली ठेंगणी माणसं) पहिलं वाक्य खरडलं, असं त्यांनीच सांगून ठेवलंय. घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे.

खंदकाची गोष्ट मात्र मनातून काढून टाका. टॉल्किन जून १९१६ मध्ये सिग्नल अधिकारी म्हणून फ्रान्सला गेले, सॉमच्या लढाईत होते, आणि नोव्हेंबरात खंदकज्वरानं आजारी पडून इंग्लंडला परतले. खंदकात बसून लिहिणं वगैरे सगळ्या गप्पा आहेत, असं त्यांनी स्वतः नंतर सांगितलं. फार तर पाकिटाच्या पाठीवर दोन ओळी खरडता येत, बाकी चिखल आणि पिसवा. लिहिणं सुरू झालं ते आजारपणाच्या रजेत. 'द फॉल ऑफ गोंडोलिन' ही पहिली मोठी कथा तेव्हाची. तिथून जे दंतकथांचं, भाषांचं, वंशावळ्यांचं जग उभं राहायला लागलं, ते पुढं 'द सिल्मरिलियन' झालं. म्हणजे १९१६ ते १९७३, सत्तावन्न वर्षं, आणि तरी हातावेगळं झालं नाही.

तुमचा घोटाळा नेमका इथं आहे. धीर तुम्ही 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या बारा वर्षांवरून घेताय, पण तुमच्या सात वह्या 'सिल्मरिलियन'च्या वळणाच्या आहेत. माणूस एकच, टेबल एकच, जगही एकच. एक काम तडीला गेलं, दुसरं नाही. फरक वेळेचा नव्हता. पहिलं काम कुणीतरी मागत होतं.

जरा तपशिलात सांगायला हवं. 'द हॉबिट' २१ सप्टेंबर १९३७ ला आलं, पहिली आवृत्ती १,५०० प्रतींची, ती डिसेंबरपर्यंत संपली. त्याआधी प्रकाशक स्टॅनले अनविन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं होतं आणि अभिप्रायाबद्दल त्याला एक शिलिंग दिला होता. पुस्तक खपलं तशी पुढच्या हॉबिट-कथेची मागणी झाली. टॉल्किननी आधी आपल्या लाडक्या दंतकथा पुढं केल्या, त्या परत आल्या. तेव्हा नाइलाजानं त्यांनी नवी गोष्ट धरली (तीच पुढं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' झाली) आणि १९ डिसेंबर १९३७ पर्यंत पहिलं प्रकरण लिहूनही झालं. वीस वर्षं मनातलं जग घोळवणारा माणूस मागणी आल्यावर थोड्या दिवसांत प्रकरण लिहितो, हे लक्षात ठेवा.

पुढची बारा वर्षंही सलग नव्हती. प्रस्तावनेत त्यांनीच हिशेब दिलाय. मोरियाच्या खाणीत, बालिनच्या थडग्याशी गोष्ट थांबली ती जवळजवळ वर्षभर. १९४२ नंतर पुन्हा ठप्प : काही प्रसंग डोळ्यांसमोर, पण पुढचं दिसत नव्हतं. मग एप्रिल-मे १९४४ मध्ये, जवळपास दोन महिन्यांत, फ्रोडो आणि सॅम या दोन हॉबिटांच्या, मॉर्डोर या शत्रूच्या मुलखाकडच्या वाटचालीची बहुतेक सगळी प्रकरणं झाली. हे कशामुळं? ख्रिस्तोफर हवाई दलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता आणि प्रकरण झालं की त्याला पाठवायचं, असं ठरलं होतं. शिवाय सी. एस. लुईस आणि चार्ल्स विल्यम्स या लेखक मित्रांना ते वाचून दाखवायचं होतं. लुईसचं ऋण कशाचं, तर प्रभावाचं नव्हे, निव्वळ प्रोत्साहनाचं. कित्येक वर्षं तोच एकटा श्रोता होता, असं टॉल्किननी पुढं एका पत्रात लिहिलंय.

तेव्हा तुम्हाला पहिल्यांदा हवेत ते श्रोते. दोन पुरेत, चाराच्या वर नकोत. आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवा (इंकलिंग्ज या टॉल्किन-लुईसच्या मित्रमंडळाची बैठक गुरुवारी रात्री लुईसच्या खोलीत बसायची, तीही वर्षानुवर्षं). प्रत्येक वेळी वीस मिनिटं मोठ्यानं वाचा. मराठी मजकूर सावकाश वाचला तर एवढ्या वेळात साधारण दोन हजार शब्द जातात, म्हणजे तुमचा आठवड्याचा कोटा आपोआप ठरला. मार्चअखेरीचे आठवडे सरळ वगळा. बँकेतल्या माणसानं मार्चमध्ये कादंबरीचे संकल्प करू नयेत. वाचून झाल्यावर 'कसं वाटलं?' विचारायचं नाही. 'लक्ष कुठं उडालं?' आणि 'आता पुढं काय होईल असं वाटतंय?' हे दोनच प्रश्न. दुसऱ्याला उत्तरच आलं नाही, तर त्या प्रकरणात माहिती आहे, गोष्ट नाही.

यात बिघडतं ते माणसांच्या निवडीत. इंकलिंग्जमध्येही ह्यूगो डायसन होते. त्यांना हे वाचन सोसवत नसे आणि ते बोलूनही दाखवत. शेवटी ते हजर असले की टॉल्किन वाचन टाळू लागले. असा एक माणूस चार श्रोत्यांवर भारी पडतो. आणि पहिल्या खर्ड्याला नवऱ्याला बसवू नका. घरचं माणूस एक तर सगळंच छान म्हणतं, नाही तर राजीनाम्याचा विषय काढतं.

आता 'जग आधी की गोष्ट' याकडे येऊ. टॉल्किन स्वतः म्हणायचे की शहाणपणानं नकाशापासून सुरुवात केली आणि गोष्ट त्यात बसवली. उलट्या मार्गानं गेलं तर सगळा गोंधळ होतो. तेव्हा नकाशा हवाच. पण पात्रं जिथून चालत जाणार त्या पट्ट्याचा, अख्ख्या खंडाचा नव्हे. तुमच्या सात वह्यांतून पहिल्या दहा प्रकरणांचा रस्ता एका कागदावर उतरवा आणि त्याला प्रमाण द्या, सेंटीमीटरला दहा किलोमीटर वगैरे. ओझं घेतलेला माणूस सपाटीवर दिवसाला २० ते २५ किलोमीटर चालतो, घाटात १२ ते १५. बैलगाडी ताशी तीन-चार किलोमीटरच्या वर जात नाही. घोडा स्वार घेऊन रोज ४०-५० जातो, पण रोजच्या रोज तेवढं पळवलं तर चार दिवसांत बसतो. हे आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. कादंबऱ्यांत सगळ्यात जास्त खोट्या पडतात त्या प्रवासाच्या रात्री.

रात्रींवरून चंद्र आला. मे १९४४ मध्ये टॉल्किननी ख्रिस्तोफरला कळवलं होतं की आपले चंद्र अशक्य गोष्टी करताहेत, एकीकडे उगवताहेत आणि त्याच वेळी दुसरीकडे मावळताहेत. मागच्या प्रकरणांतले तुकडे पुन्हा लिहिण्यात सगळी दुपार गेली. कारण साधं होतं. एका टोळीचे तीन तुकडे होऊन तीन दिशांना गेलेले, आणि वरचा चंद्र मात्र सगळ्यांना एकच. त्यावर त्यांचा उपाय सरळ : कथेतल्या चंद्रकला १९४२ सालच्या खऱ्या कलांवर बेतल्या, आणि कोणत्या दिवशी कोण कुठं आहे याचे शेजारीशेजारी रकाने असलेले तक्ते केले.

तुम्हाला हे त्यांच्याहून सोपं जाईल. मराठी माणसाच्या भिंतीवर तिथी टांगलेलीच असते. एखाद्या वर्षाचं जुनं कालनिर्णय घ्या, कथेचा पहिला दिवस त्यातल्या एका तारखेला बांधा आणि तिथून मोजत चला. अधिक महिना असलेलं वर्ष टाळा : २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२४ किंवा २०२५ चालेल. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास वर येतो, पुढं रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. संकष्टीची चंद्रोदयाची वेळ तर छापलेलीच असते. कृष्ण अष्टमीला तो मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, शुक्ल अष्टमीला त्याच सुमाराला मावळतो. म्हणजे तुमचा हेर शुक्ल पक्षातल्या चतुर्थीला पहाटे तीन वाजता चांदण्यात तटाची भिंत चढत असेल, तर त्याला पंधरवडाभर थांबवा. तक्त्याला सहा रकाने पुरतात : कथेतला दिवस, तिथी, कोण कुठं, किती अंतर गेले, पाऊसपाणी, चंद्र. पात्रं विभागली की 'कोण कुठं'चा रकाना तेवढ्या ठिकाणी फोडा.

भाषांबद्दल स्पष्ट सांगतो : तिसऱ्या भाषेला हात लावू नका आणि पहिल्या दोन बंद करा. टॉल्किनचा तो धंदाच होता. १९१९-२० मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशात ते 'डब्ल्यू'नं सुरू होणाऱ्या शब्दांवर काम करत होते, पुढं वीस वर्षं अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक. त्यांनी रचलेल्या भाषांपैकी क्वेन्याला फिनिश भाषेचा वास आहे, सिंदारिनला वेल्शचा, आणि दोन्हींवर ते जन्मभर काम करत राहिले. पण कादंबरीच्या मजकुरात त्यातलं काय उतरलं? नावं, थोडी गाणी, अभिवादनं, शपथा. शिवाय जिथं जमलं तिथं त्यांनी सरळ उचललं. 'हॉबिट'मधल्या बहुतेक बुटक्यांची नावं, आणि जादूगार गॅन्डाल्फचंही, एका जुन्या नॉर्स काव्यातल्या नामावळीतून आलेली आहेत. रोहन या मुलखातल्या माणसांची नावं जुन्या इंग्रजीतली. वाचकाला अर्थ कळला नाही तरी ही माणसं एका मुलखातली आहेत एवढं कानाला कळतं, आणि कादंबरीत भाषेकडून तेवढंच हवं असतं.

तुम्ही तेच मराठीतून करू शकता. एका लोकांना गावांची नावं 'वली'नं संपणारी द्या, दुसऱ्यांना 'वाडी' आणि 'खुर्द-बुद्रुक'. माणसांच्या नावांसाठी 'लीळाचरित्र' चाळा. महदाइसा, बाइसा अशी नावं आजच्या कानाला परकीही वाटतात आणि आपलीही. एका लोकांच्या नावांत 'ळ' आणि 'ण' भरपूर, दुसऱ्यांच्यात औषधालाही नाही, एवढ्या एका नियमानं व्याकरणाच्या वहीपेक्षा जास्त काम होतं. एक चाचणी करा : दोन मुख्य पात्रांची नावं एकाच अक्षरानं सुरू होत असतील तर एक बदला, कारण ऐकणारे ती हमखास उलटसुलट करतात.

चौथ्या प्रकरणाचं दुखणं बहुधा असं असणार : पुढं जाताना मागचं काहीतरी बदलावं लागतं, तुम्ही मागं जाता, तिथून वह्यांत शिरता, आणि दोन महिने गेले. टॉल्किनची ही सवय घेऊ नका. सुरुवातीची प्रकरणं त्यांनी कितीदा नव्यानं लिहिली याचा हिशेब ख्रिस्तोफरला खंडच्या खंड भरून द्यावा लागला. नायक आधी फ्रोडो नव्हताच, बिंगो होता. ब्री गावच्या खानावळीत कोपऱ्यात बसलेला अनोळखी वाटाड्या आधी लाकडी जोडे घालणारा ट्रॉटर नावाचा हॉबिट होता, आणि तो नेमका कोण हे लेखकालाच बराच काळ ठाऊक नव्हतं. यातून घेण्यासारखं एकच : कोण आहे ते ठाऊक नसतानाही त्यांनी त्याला खानावळीत बसवून ठेवलं आणि गोष्ट पुढं नेली.

बँकेत न जुळणारी नोंद तुम्ही सस्पेन्स खात्यात टाकता आणि दिवस बंद करता, तसं इथं करा. वहीच्या शेवटच्या पानावर यादी ठेवा : 'प्र. २ : राणीला भाऊ नाही', 'प्र. ३ : पूल आधीच पडलेला'. मागं हात लावायचा नाही. बदल झालाच आहे असं धरून पाचवं प्रकरण लिहायला घ्यायचं. यादी दहा नोंदींच्या वर गेली की एक रविवार दुरुस्तीला. वह्या मात्र लिहिण्याच्या टेबलावर नकोत, दुसऱ्या खोलीत कपाटात. काही अडलं तर जागा कोरी सोडून चौकट आखा आणि पुढं जा. बहुतेक चौकटी नंतर एका वाक्यात भरतात.

आणि वह्यांतलं काही गोष्टीशी पटेनासं झालं तर गोष्टीचं खरं माना. 'द हॉबिट'च्या पहिल्या आवृत्तीत गॉलम हा गुहेतला प्राणी कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस म्हणून द्यायला कबूल होता. ती हरवलेली निघाल्यावर बिचारा माफी मागून नायक बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. नव्या कादंबरीत अंगठी इतकी भयंकर झाली की हे खपणं शक्यच नव्हतं. टॉल्किननी ते प्रकरण नव्यानं लिहिलं, १९५१ च्या आवृत्तीत ते आलं, आणि जुनी हकिकत म्हणजे बिल्बोनं तेव्हा मारलेली थाप, असं कथेतच बसवून टाकलं. छापून विकलेल्या पुस्तकाबाबत जर हे करता येतं, तर वहीतली वंशावळ काय चीज आहे. उलटं केलं की काय होतं तेही त्यांच्याच आयुष्यात दिसतं. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी त्यांना आपल्या दंतकथांतली सपाट पृथ्वी आणि झाडांच्या फळाफुलांतून झालेले चंद्र-सूर्य खगोलशास्त्राला सोडून वाटायला लागले. पाया बदलायला घेतला, आणि वर उभं होतं ते सगळं डळमळलं.

राहिले ते पन्नास हजारवाले गृहस्थ. त्यांना नाही म्हणा. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापताना प्रकाशकाला हजार पौंडांपर्यंत बुडीत जाईल असं वाटत होतं, आणि ती जोखीम प्रकाशकानं घेतली, लेखकाच्या खिशातून घेतली नाही. करार असा होता : खर्च वसूल होईपर्यंत लेखकाला काही नाही, त्यानंतर निम्मा नफा. त्या कराराचं पुढं सोनं झालं, पण तो करार तुम्हीही मागा असं सांगत नाही. मराठीत नेहमीची रॉयल्टी बरी. कागदावर प्रतींची संख्या, टक्केवारी छापील किमतीवर की विक्रीवर, हिशेब वर्षातून केव्हा, आवृत्ती संपून पुन्हा निघाली नाही तर हक्क किती दिवसांत परत, आणि ई-बुक, ऑडिओ, अनुवादाचे हक्क कुणाकडे, हे सगळं वेगवेगळ्या कलमांत असू द्या. 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' एवढ्या एका ओळीवर सही करायची नाही.

अट मात्र घालू नका. टॉल्किननी घातली होती : 'सिल्मरिलियन'ही सोबत छापा. १९५० मध्ये अनविननी नाही म्हटलं, कॉलिन्स या दुसऱ्या प्रकाशकाकडे आशेवर दोन वर्षं गेली, तिथं लांबी बघून माघार झाली, आणि १९५२ मध्ये काहीच नसण्यापेक्षा थोडं तरी बरं असं म्हणत टॉल्किन परत आले. तोवर युद्धानंतरच्या कागदाच्या किमती बघता एक जाडजूड पुस्तक परवडेना, म्हणून तीन भाग पडले. पहिले दोन जुलै आणि नोव्हेंबर १९५४ मध्ये आले. तिसरा ऑक्टोबर १९५५ पर्यंत रखडला, कारण त्यातली परिशिष्टं तयार नव्हती, आणि वाचक तिकडे प्रकाशकाला पत्रांवर पत्रं पाठवत होते. तुम्ही प्रकाशकाकडे जाल तेव्हा पहिली तीन प्रकरणं, दोन पानी सारांश आणि एका पानाचा नकाशा एवढंच न्या. वंशावळ्या मागितल्या तरच द्यायच्या, आणि पानांची मर्यादा नि तारीख आधी ठरवून.